वास येत नाही

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक काकांनी मला ना गाव विचारलं, ना पगार, ना लग्नाचं. दारातच उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली एकामागून एक चार डब्या धरल्या. पहिलीत कापूर. दुसरीत सुका जवळा. तिसरीत रॉकेल. चौथी उघडली नि मी एक पाऊल मागेच सरलो.

"काय आहे?"

"चिखल. खाडीचा. आतला."

"आतला कशावरून?"

आता ह्यांना काय सांगायचं! मी पेणच्या खारेपाटातला. ओहोटीला खाडीत उतरून निवट्या नि चिंबोऱ्या धरण्यात लहानपण गेलं. वरचा चिखल राखाडी असतो, त्याला वास नसतो. पण पाय गुडघाभर रुतला नि ओढून काढला, की बरोबर खालचा काळा चिखल येतो आणि सडक्या अंड्यांची टोपली कुणी तोंडावर उपडी केल्यागत होतं. मी म्हटलं, "वरच्याला वास नसतो, काका."

त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं, दोनदा तपासलं आणि म्हणाले, "बॅग कधी आणतोयस?"

असा मी रोह्यात त्यांचा भाडेकरू झालो. मित्रांना हा किस्सा सांगून मी किती दिवस हसत होतो! घाबरायला पुढे भरपूर वेळ मिळणार होता.

काका शेजारच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. सडसडीत, जरा पोक काढून चालणारे. पायजम्यावर कंपनीचा जुना खाकी शर्ट आणि त्याच्या खिशात कायम एक टॉर्च आणि एक भिंग. त्यांना स्वतःला वास अजिबात येत नसे. गॅसवर दूध करपून काळं झालं तरी हे शेजारी पेपर वाचत बसलेले. नाक कशानं गेलं असं विचारलं की म्हणायचे, "ड्युटीवर राहिलं." पुढे विचारायची सोय नसे. काकू पनवेलला मुलीकडे राहायच्या. भांडण नव्हतं, रोज फोन असायचा. पण "घरातली ती वाळू गेली की मी येते," असं सांगून त्या गेल्या होत्या आणि वाळू काही जात नव्हती.

ही वाळू होती हॉलमधल्या टाकीत. हॉलमध्ये सोफा नाही, टीव्ही नाही. भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी, तिच्यात समुद्राचं खारं पाणी. कंपनीचा कुणी मॅनेजर बदली होऊन जाताना ती टाकून गेला आणि काकांनी हातगाडीवर घालून घरी आणली. दोन केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, एक पिवळाधमक, हाताच्या बोटांसारखी हलणारी मऊ पोवळी. येणारा माणूस माशांकडे बघून "वा वा" करायचा. काका माशांकडे बघतच नसत. ते जमिनीवर मांडी घालून, काचेला नाक लावून खाली बघायचे. तिथे वीतभर जाडीची, रव्यासारखी बारीक पांढरी वाळू होती.

"ही जिवंत आहे," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "वरची बोटभर जागी असते. त्यात किडे, गोगलगायी, सगळा बाजार भरलेला असतो. मधली झोपेत. आणि खाली..."

खाली म्हटलं की त्यांचा आवाज उतरायचा. खाली हवा पोचत नाही. तिथे वेगळे जंतू राहतात, माशांच्या घाणीतून जे विष पाण्यात उतरतं ते खाऊन पाणी साफ ठेवतात. पण तिथेच सडक्या अंड्याच्या वासाचा वायूही तयार होतो आणि वाळूतच अडकून बसतो. वाळू हलली नाही तर दहा वर्षं काही होत नाही. कुणी तळ उकरला, तर टाकीतलं सगळं घटकाभरात संपतं.

"मग ठेवता कशाला घरात?" मी विचारलं.

"कुठे आहे ते माहीत असलेलं बरं," काका म्हणाले. "माहीत नसलं की दर वेळी पाठीमागेच आहे असं वाटतं."

काचेतून वाळूचे थर दिसायचे. तळाशी एक काळा पट्टा होता. दर महिन्याच्या एक तारखेला काका त्याची वरची कड मार्करनं काचेवर आखायचे आणि तारीख घालायचे. मी राहायला आलो तेव्हा अशा बऱ्याच रेघा झाल्या होत्या, एकीच्या वर एक. पट्टा चढत होता. मी म्हटलं, चढतोय की हो. तर म्हणाले, "हळू बोल." जणू त्याला ऐकू जाणार होतं!

टाकीवर लाल रंगात पाटी होती: 'तळाला हात नाही'. घरात मिक्सर लावायचा नाही, दार आपटायचं नाही, चपला घालून धाडधाड चालायचं नाही. दूधवाला पिशवी फाटकालाच अडकवून पळायचा, कारण एकदा त्यानं दारावर थाप मारली तेव्हा काकांनी त्याला असा काही हात जोडून शिव्या घातल्या होत्या की बिचारा गोंधळूनच गेला. एका वर्षी गल्लीतल्या मंडळाची पोरं पेणहून मूर्ती घेऊन बेंजो वाजवत आली. काका अनवाणी धावत गेले आणि ट्रॉलीसमोर आडवे उभे राहिले. पोरं चांगली. त्यांनी वाजंत्री थांबवली आणि अख्खी मिरवणूक काकांच्या घरासमोरून चोरपावलांनी गेली, गणपतीबाप्पासकट. कोपऱ्यावर वळल्यावर पुन्हा दणका सुरू. आत येऊन बघतो तर काका दोन्ही तळवे काचेवर ठेवून उभे, आजारी माणसाला धरून बसावं तसे.

वाळूतून मधूनच एखादा बुडबुडा सुटायचा. काकांचा घास हातात राहायचा. "नायट्रोजन असेल," ते म्हणायचे, "साधा नायट्रोजन." आणि मग माझ्याकडे बघायचे. म्हणजे मी उठून टाकीवर वाकायचं आणि वास घ्यायचा. ह्याचसाठी माझ्या नाकाला खोली मिळाली होती.

रोज सकाळी साडेसहाला, पहिल्या शिफ्टची बस पकडायच्या आधी, हा आमचा विधी. एक जाड रजिस्टर होतं. वेळ, कापूर, टाकी, सही, असे चार रकाने. आधी कापराची डबी हुंगायची.

"कापूर कशाला रोज?" मी एकदा वैतागून विचारलं.

"नाक चालू आहे का ते आधी बघ. बंद मीटर शून्यच दाखवतो."

मग टाकीचं झाकण उचलून वास घ्यायचा आणि लिहायचं. नुसतं तोंडानं सांगितलेलं चालायचं नाही. "लिही. सही कर. तोंडचं हवेत जातं रे," असं म्हणताना ते दुसरीकडेच बघत असत.

त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते अजून निघत नाही. "वास येतोय तोवर घाबरू नकोस. यायचा थांबला की पळ." मला वाटलं, म्हातारा उलटं बोलला. तर म्हणाले, "उलटं नाही. तो वायू थोडा असला तर वास येतो. जास्त झाला की आधी नाक मारतो. माणसाला वाटतं, गेला वास, झालं मोकळं. आणि मग माणूस जातो."

खरं सांगू, त्या दिवसापासून माझी झोप कमी झाली. कारण मी कामाला होतो धाटावच्याच एका कंपनीत, सांडपाण्याच्या प्लांटवर. तिथे खड्डे, टाक्या, गाळ. वायू तिथे आमच्या टाकीसारखा वीतभर जाडीत राहत नाही. तोवर मी गाणी म्हणत काम करायचो. काकांनी माझं गाणं बंद केलं. हातात वायूचा मीटर असायचा, पण त्याचं चार्जिंग असायचंच असं नाही. सगळी मदार नाकावर.

काकांची आणखी एक तऱ्हा सांगायची राहिली. पनवेलला जायचं तर ते रेल्वेनंच जायचे. मुलीनं गाडी पाठवली तरी ड्रायव्हरला पहिला प्रश्न, "खांबवरून जाणार का?" हायवेवरचं खांब गाव रस्त्यात येणार असेल तर काका गाडीत बसत नसत. मी चिडवायचो, "काय काका, खांबला कुणी होती का?" एकदा असं म्हटलं नि त्यांनी ताटावरून उठून हात धुतले. पुन्हा मी ती थट्टा केली नाही.

मग तो ताप आला. सगळ्यांनाच आठवत असेल, ज्या तापात लोकांची नाकं गेली. मी दोन आठवडे पेणला घरी पडून होतो. ताप उतरला, भूक लागली. आईनं बोंबील भाजले आणि शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय गो, बोंबील का?" मी चुलीपासून चार हातावर बसलो होतो. मला काहीच आलं नव्हतं. आईला काही कळू न देता मी बोंबील खाल्ले.

रोह्याला परतलो. सकाळी साडेसहा. काकांनी डबी पुढे केली.

"कापूर?"

हे लिहिताना आजही कान तापतात. दोन महिन्यांत मी पर्मनंट होणार होतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर मिठागरात पाय फोडून घेतले ते त्या पत्रासाठी. नाक गेलं हे काकांना कळलं तर खोली जाणार आणि त्याहून वाईट म्हणजे हा माणूस त्याच बसनं माझ्या कंपनीत जाऊन सांगणार. नाक नसलेल्या माणसाला खड्ड्यांवर कोण ठेवणार?

"येतोय," मी म्हटलं.

"टाकी?"

मी वाकलो. पाण्याचा गारवा नाकाला लागला, बाकी शून्य. "वास येत नाही."

आणि बघा माणूस किती हुशार असतो! बसमध्ये बसल्यावर मी मनाशी म्हटलं, पहिलं खोटं बोललो, दुसरं तर खरंच बोललो ना? वास येत नाही. ह्यात खोटं काय आहे?

असे तीन आठवडे काढले. रोज एक सही, तिच्यात एक खोटं आणि एक खरं. काका निर्धास्त, मी अर्धमेला. प्लांटवर खड्ड्याजवळ जायचं झालं की मी श्वास रोखायचो, दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायचो, कुणी नाक मुरडतंय का. माश्या उडताहेत ना ते बघायचो. माश्या दिसल्या की जीव भांड्यात पडायचा. घरी आल्यावर त्या टाकीजवळून जाताना वाटायचं, तो काळा पट्टा आता मला ओळखतो.

एके दिवशी आबा आले. पेणहून दुपारच्या गाडीनं, पिशवीत तांदूळ, बोंबील आणि आपल्या वाफ्यातलं मीठ घेऊन. मी पहिल्या शिफ्टला होतो. काकांनी त्यांना जेवू घातलं, टाकी दाखवली. खारं पाणी करायला काका विकतचं पाकिटातलं मीठ वापरतात हे ऐकून आबा म्हणे इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मालक, मिठागरवाल्याचा पोर घरान र्‍हातो नि मीठ इकत आनता?" दोघांचं चांगलं जमलं. मग काकांना पोस्टात जायचं होतं. जाताना त्यांनी बजावलं, "तळाला हात लावू नका हं." आबांना पाटी वाचता येत नव्हती, पण ऐकू नीट आलं होतं.

साडेतीनला मी घरी आलो. दार लोटलेलं, खिडक्या बंद. टाकीतलं पाणी राखाडी झालं होतं. पिवळा मासा वर आडवा तरंगत होता आणि त्याचं तोंड उघडमीट होत होतं. टाकीसमोर आबा घाम पुसत उभे. हातात मासे भरवायची लांब काठी, तिच्या टोकाला सुतळीनं बांधलेला स्वयंपाकघरातला कालथा.

"आबा! काय केलंत?"

"तल काला पडला व्हता रं," आबा खुशीत म्हणाले. "वाफा गेला व्हता तुज्या मालकाचा. फली मारली चांगली, पार खालपर्यंत."

मिठागरात वाफ्याचा तळ काळा पडू द्यायचा नसतो. लांब दांड्याच्या फळीनं तो सारखा ओढायचा, मोकळा करायचा, नाहीतर मीठ घाण निघतं. पन्नास वर्षं आबांनी तेच केलं होतं. यजमानाचे उपकार फेडायला त्यांना दुसरं काय येत होतं?

"हात लावू नका सांगितलं होतं ना?"

"हात कुठं लावला? काठीनं केला."

तेवढ्यात फाटक वाजलं. काका दारात आले, टाकी बघितली आणि त्यांच्या हातातली छत्री खाली पडली. पण त्यांनी माशांचं नाव काढलं नाही. पहिला शब्द होता, "वास?"

"पयला लय आला, मालक," आबा म्हणाले. "नाक फाटला. आता काय नाय येत."

काका ओरडले ते काय ओरडले मला कळलंच नाही. त्यांनी आबांना दंडाला धरलं आणि फरफटत अंगणात नेलं. पासष्टीचा माणूस, पण आबांचे पाय जमिनीला लागत नव्हते. मलाही ढकललं. बाहेरून काठीनं खिडक्या ढोसून उघडल्या. आबा "आरं पन माजी पिशवी" करत होते. काकांना आता मासे दिसत होते, पिवळा, केशरी, तडफडणारे. त्यांना आत जाऊन ते बादलीत काढायचे होते. ते उंबरठ्यापर्यंत गेले आणि थांबले. माझ्याकडे वळले.

"तू सांग. येतोय का वास?"

"वास येत नाही, काका."

सवयीनं निघालं तोंडातून. तीन आठवडे घोटलेलं वाक्य. काकांनी एक पाय आत टाकला. मग तो तसाच मागे घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत, हळू आवाजात विचारलं:

"वास येत नाही, की वास नाही?"

काकांचा एक हात चौकटीवर होता, तो घामानं सरकत होता. मी म्हटलं, "मला काहीच येत नाही, काका. तापापासून. कापूरसुद्धा."

मला वाटलं, थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. काका पायरीवर बसले. माझ्याकडे बघत होते, पण राग नव्हता. भूत दिसल्यासारखं बघत होते. "सही करत होतास," एवढंच म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं. आबांना कशाचा काही उलगडा होईना, ते एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवत, एकदा काकांना म्हणत, "मालक, पोराचं चुकलं का काय?"

तासभर आम्ही तिघं अंगणात बसून होतो. शेजारणीनं चहा दिला. मग आत गेलो तेव्हा एक केशरी मासा तेवढा जिवंत होता. आज मला माहीत आहे की एवढ्याशा टाकीतल्या वायूनं माणूस मरत नाही, मासे मरतात. काकांनाही ते माहीत असणार. पण भीतीला आकडे कळत नाहीत आणि त्या पायरीवर बसलेल्या माणसाला मी विसरू शकत नाही.

आबांना ते एका शब्दानं बोलले नाहीत. मला म्हणाले, "उद्या ड्युटीवर जाण्याआधी साहेबाला सांग. नाही सांगितलंस तर मी येतो."

सांगितलं. साहेब वाईट नव्हता, म्हणाला बरं झालं बोललास, आणि मला प्लांटवरून काढून स्टोअरला बसवलं. पुढे वेळ आली तेव्हा माझ्याबरोबरच्या तिघांना पर्मनंटची पत्रं मिळाली, मला मिळालं नाही. मी काकांवर चिडलो होतो, लपवत नाही. साहेबाला सांगितलं त्या दिवशी बॅग भरायची म्हणूनच घरी आलो.

तर हे दोघं म्हातारे गच्चीवर. टाकी रिकामी केलेली, केशरी मासा बादलीत, आणि ताडपत्रीवर ती सगळी वाळू पसरलेली. तळातली काळीकुट्ट, ओली. आबा ती हातानं पातळ करत होते.

"मालक, काला रंग तिजा नाय," ते सांगत होते. "बंद हाय तवर काला. ऊन दावा, नि बगा."

काका उकिडवे बसून बघत होते. माझ्या बॅगेचं कुणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत वाळू राखाडी झाली. दुसऱ्या दिवशी आबा पेणला गेले आणि त्या दुपारी ती पांढरी झाली, दुकानातून आणलेल्यासारखी. काकांनी तिच्यात दोन्ही हात घातले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मूठ भरून घ्यायचे, सोडायचे. उन्हात किती वेळ बसले होते कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. "मोटारसायकल आहे ना तुझी? मला खांबला नेशील?"

मी हातातला ब्रश खाली ठेवला. म्हटलं, "चला."

धाटाव मागे पडलं. कोलाडला म्हणाले, थांब जरा. चहाच्या टपरीवर बसलो. दोन्ही हातांनी ग्लास धरून त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांचा जोडीदार होता, खांबचा. दोघं एका शिफ्टला, एका डब्यात जेवणारे. कंपनीत गाळाचा खड्डा साफ करायचा होता. जोडीदार शिडीनं खाली उतरला आणि चौथ्या पायरीवरून दगडासारखा पडला. काका वर उभे होते. त्याला काढायला वाकले आणि तेही पडले. कुणीतरी ओढून काढलं म्हणून ते वाचले. नाक तिथेच राहिलं.

"चौकशीत मला विचारलं, तो न विचारता उतरला का? मी म्हटलं, मला माहीत नाही."

"आणि?"

"आणि काही नाही. तेच लिहिलं गेलं. न विचारता उतरला."

"माहीत होतं तुम्हाला?" मी विचारलं. काकांनी ग्लास ठेवला आणि गाडीकडे चालायला लागले.

खांबला घर शोधावं लागलं नाही. काकांनी मागून नुसतं "डावीकडे", "आता उजवीकडे" असं सांगितलं. अंगणात एक बाई सुपात वाल निवडत होत्या. पांढरे केस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. काकांना त्यांनी लगेच ओळखलं, पण उठल्या नाहीत.

"रोह्याशी र्‍हाता ना अजून?" त्या म्हणाल्या.

"हो, वहिनी."

"मग लय येल लागला यायला."

काका अंगणाच्या कडेला उभे. चपला काढलेल्या. मी एवढा घाबरलेला माणूस पाहिलेला नाही. म्हणाले, "वहिनी, तो विचारून उतरला होता. त्याला सर्दी होती. खड्ड्यावर उभा राहून त्यानं मला विचारलं, वास येतो का रे? मी आधीपासून तिथे वाकून काम करत होतो. आधी येत होता, मग यायचा थांबला. माझं नाक मेलं होतं आणि मला वाटलं, वास गेला. मी त्याला म्हटलं, वास येत नाही. म्हणून तो उतरला. माझ्या सांगण्यावरून. आणि नंतर मी गप्प बसलो."

बाई वाल निवडत राहिल्या. खडा काढला, टाकला. आणखी एक काढला. मग हात थांबला.

"विचारून उतरले व्हते," त्या म्हणाल्या.

"हो."

"अख्खा गाव बोलतो, येडा व्हता, घाईचा व्हता. न विचारता उतरला नि मेला. माजा पोर साळंत गेला तवापास्नं ह्येच ऐकतो. त्याच्या पोरीच्या सोयरिकीलाबी कुनीतरी काढलाच." त्यांनी सूप खाली ठेवलं. "नि मीबी बोलले. एकलीच बसून लय शिव्या दिल्या त्यांना, का न विचारता उतरलात म्हनून."

बाई उठल्या. मला वाटलं आता आत जातील आणि दार लावतील. त्या कुंपणापाशी गेल्या, तोंडाभोवती हात धरले आणि शेताच्या दिशेनं मुलाला मोठ्यानं हाक मारली. मग आमच्याकडे वळल्या.

"पोर येतो. ह्ये सगला त्याच्यासमोर परत बोला. नि शेजारच्यांनाबी बोलवते."

लांबून, बांधावरून एक दांडगा माणूस खांद्यावर फावडं घेऊन येताना दिसला. काकांनी माझं मनगट धरलं.

"भीती वाटत्ये रे," ते म्हणाले.

"मलाही," मी म्हटलं. "जायचं का?"

त्यांनी माझं मनगट सोडलं. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि अनवाणीच दोन पावलं पुढे, अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.